रक्तातील पुटिका आणि क्षयाचा माग

मुलांनो, क्षयरोगाचा जंतू कसा दिसतो हे तुम्ही पाठ्यपुस्तकातील चित्रात पाहिले असेल. निळ्या पार्श्वभूमीवर बारीक, किंचित वाकलेल्या तांबड्या काड्या. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने हा जंतू आपल्याला सापडल्याचे जाहीर केले. त्या दिवसापासून 'क्षय झाला आहे की नाही' या प्रश्नाला एक खात्रीचे उत्तर मिळाले: जंतू दाखवा, म्हणजे क्षय आहे.

उत्तर सोपे खरे, पण जंतू दाखवणे सोपे नाही. ते किती अवघड आहे याचा आधी थोडा हिशेब करू. कागद-पेन्सिल घेऊन बसलात तर अधिक मजा येईल.

रोग्याचा बेडका काचपट्टीवर पातळ पसरवतात. त्यावर कार्बोल फ्युक्सिन हे तांबडे रंगद्रव्य ओतून खालून उष्णता देतात आणि मग आम्लाने धुतात. इतर जंतूंचा रंग आम्लाने निघून जातो. क्षयजंतूच्या अंगावर मेणासारखे जाड आवरण असते, म्हणून त्याचा रंग टिकतो. यासाठी त्याला आम्लरोधी जंतू म्हणतात. शेवटी बाकीच्या भागाला निळा रंग देतात. आता काचपट्टीवर पसरलेला बेडका असतो साधारण एक मिलिलिटरचा शंभरावा भाग. तो सुमारे २०० चौरस मिलिमीटर जागेत पसरलेला असतो. तेलाचा थेंब टाकून पाहावयाच्या भिंगातून एका वेळी त्यातला फारच लहान गोल दिसतो. सगळी काचपट्टी पाहायची तर असे सुमारे १०,००० गोल पाहावे लागतील. तंत्रज्ञ पाहतो शंभराच्या आसपास.

समजा, रोग्याच्या बेडक्यात प्रत्येक मिलिलिटरला १०,००० जंतू आहेत. ऐकायला ही संख्या मोठी वाटते. पण काचपट्टीवर आले त्यांतले १००. ते विखुरले १०,००० गोलांत, म्हणजे शंभर गोलांमागे एक जंतू. तंत्रज्ञाने शंभर गोल इमानाने पाहिले तर त्याला कसाबसा एक जंतू दिसेल, किंवा दिसणारही नाही! म्हणून सूक्ष्मदर्शकाने क्षय पकडायचा तर एका मिलिलिटरमध्ये पाच ते दहा हजार जंतू असावे लागतात, असे म्हणतात. हा दोष तंत्रज्ञाच्या डोळ्यांचा नसून निव्वळ अंकगणिताचा आहे.

मग जंतू वाढवून पाहावेत काय? तेही करतात. पण इथे दुसरे अंकगणित आडवे येते. आपल्या आतड्यातील ई. कोलाय हा जंतू अनुकूल स्थितीत २० मिनिटांत एकाचे दोन होतो. क्षयजंतूला त्यासाठी सुमारे २० तास लागतात. एका जंतूचे दहा लाख जंतू व्हायला २० वेळा दुप्पट व्हावे लागते, हे तुम्ही स्वतः ताडून पाहा. ई. कोलाय हे काम ४०० मिनिटांत, म्हणजे सात तासांच्या आत उरकतो. क्षयजंतूला ४०० तास लागतात, म्हणजे जवळजवळ १७ दिवस. प्रत्यक्षात संवर्धनाचा निकाल यायला दोन ते आठ आठवडे जातात. तोवर रोगी घरी, शाळेत, बाजारात खोकतच असतो.

अलीकडे जंतूच्या जनुकाचा तुकडा शोधून त्याच्या असंख्य प्रती काढणाऱ्या चाचण्या आल्या आहेत. त्यांतील एका चाचणीला जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली मान्यता दिली. ती दोन तासांत उत्तर देते. गोव्यात तयार झालेली ट्रूनॅट ही चाचणी बॅटरीवर चालते आणि तिला या संघटनेचा पाठिंबा २०२० साली मिळाला. या चाचण्यांनी मोठा फरक पडला आहे यात शंका नाही. मात्र नेहमीच्या वापरात त्यांचाही भर बेडक्यावरच असतो.

बेडका नसेल तर?

लहान मुलांना बेडका काढता येत नाही. खोकला आला की ती तो गिळून टाकतात. म्हणून कित्येकदा पहाटे मुलाच्या नाकातून नळी घालून जठरातील द्रव काढावा लागतो, आणि त्यातही जंतू फार थोडे असतात. क्षय फक्त फुप्फुसांचा असतो असेही नाही. तो मानेच्या गाठींत होतो, मणक्यात होतो, मेंदूच्या आवरणातही होतो. मेंदूच्या आवरणाचा क्षय लहान मुलांत विशेष घातक असतो, आणि तिथे प्रत्येक दिवसाचा उशीर महाग पडतो. एचआयव्हीबाधित रोग्यांच्या बेडक्यातही बरेचदा जंतू कमी असतात.

हे लोक थोडे नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ साली जगात सुमारे १ कोटी ८ लाख लोक क्षयाने आजारी पडले आणि साडेबारा लाख लोक दगावले. आजारी पडलेल्यांत सुमारे १२ टक्के मुले होती. एकूण रोग्यांपैकी चौथ्या हिश्शाहून थोडे अधिक एकट्या भारतात होते.

तेव्हा साहजिकच डॉक्टरांची नजर रक्ताकडे वळते. रक्त तर प्रत्येकाचेच काढता येते, आणि शरीराच्या कानाकोपऱ्यातून ते फिरून आलेले असते. कुठेही चोर शिरला असेल तर त्याची काहीतरी खूण रक्तात उतरायला हवी. पण हा विचार वाटतो तितका सरळ नाही, हे एका कडू अनुभवाने जगाला शिकवले.

जंतू शरीरात शिरला की त्याच्याविरुद्ध शरीर प्रतिपिंडे तयार करते. ही प्रतिपिंडे रक्तात शोधली की झाले, अशा समजुतीने क्षयाच्या रक्तचाचण्या बाजारात आल्या आणि भारतात खूप खपल्या. त्यांच्या अभ्यासांचा ताळेबंद मांडल्यावर आढळले की त्या क्षय नसलेल्याला क्षयी आणि क्षयी असलेल्याला निरोगी ठरवतात, आणि असे वारंवार घडते. जुलै २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या चाचण्या वापरू नयेत असे स्पष्ट सांगितले. जून २०१२ मध्ये भारत सरकारने त्यांची आयात, निर्मिती आणि विक्री बंद केली.

असे का झाले? कारण प्रतिपिंडे ही आपल्या शरीराची आठवण आहे. जंतू कधी तरी भेटला होता एवढेच ती सांगतात, आणि तेही नीट सांगतात असे नाही. तुमच्यापैकी काहींच्या हातावर मँटूची सुई टोचली गेली असेल. त्या जागी येणारी गाठ हीसुद्धा आठवणच. बीसीजीची लस घेतलेल्यालाही ती येऊ शकते. त्यानंतर आलेल्या इंटरफेरॉन-गॅमा चाचण्या बीसीजीने फसत नाहीत, कारण त्या बीसीजीच्या जंतूत नसलेल्या दोन प्रथिनांचा उपयोग करतात. पण 'जंतू आत झोपलेला आहे की जागा होऊन फुप्फुस पोखरतो आहे' हे त्यांनाही सांगता येत नाही.

हा भेद महत्त्वाचा आहे. जगातील सुमारे एक चतुर्थांश लोकांना क्षयजंतूचा संसर्ग कधी ना कधी झालेला आहे, असा अंदाज आहे. त्यांपैकी आयुष्यात केव्हा तरी प्रत्यक्ष आजारी पडतात ते शंभरात पाच ते दहा. बाकीच्यांच्या शरीरात जंतू नष्ट तरी होतो किंवा कोंडून पडतो. संसर्ग आणि रोग यांत फरक न करणारी चाचणी आपल्यासारख्या देशात डॉक्टरला फारशी मदत करत नाही.

म्हणजे आता शोध हवा तो आठवणीचा नव्हे, खुद्द जंतूच्या मालाचा. त्याने तयार केलेली प्रथिने आज, या क्षणी रक्तात आहेत का? असतील तर कुठे?

मेंढीच्या रक्तातील लहान पिशव्या

ही गोष्ट थोडी बाजूला ठेवून आपण दुसऱ्या वाटेने जाऊ. शेवटी दोन्ही वाटा एकत्र येतात.

१९६७ साली पीटर वुल्फ या संशोधकाने रक्तद्रव घेतला. रक्त गोठवण्यास मदत करणाऱ्या बिंबाणू नावाच्या कणिका त्यातून काढून टाकल्या. तरी त्या रक्तद्रवात गोठवण्याचा गुण थोडा उरलाच. त्याने तो रक्तद्रव अतिवेगाने फिरणाऱ्या केंद्रोत्सारी यंत्रात फिरवला, तेव्हा तळाशी अतिशय बारीक कण बसले. बिंबाणूंपासून निघालेल्या या कणांना त्याने 'बिंबाणूंची धूळ' असे नाव दिले. धूळ म्हटल्यावर तिच्याकडे लक्ष कोण देणार!

१९८३ साली कॅनडातील माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात रोझ जॉन्स्टन आणि त्यांचे सहकारी मेंढीच्या रक्ताचा अभ्यास करत होते. त्यांचा प्रश्न वेगळाच होता. तांबडी पेशी कोवळी असते तेव्हा हीमोग्लोबिन बनवण्यासाठी तिला लोह लागते. लोह आत घेण्यासाठी तिच्या पृष्ठभागावर एक ग्राही प्रथिन असते, जणू दारावरची कडी. पेशी पक्व झाली की हीमोग्लोबिनचे काम संपते आणि ही कडी नाहीशी होते. ती जाते कुठे? जॉन्स्टन यांना आढळले की पेशी ती लहान लहान पिशव्यांत भरून बाहेर टाकून देते. अमेरिकेतील सेंट लुइस येथे उंदराच्या रक्तावर काम करणाऱ्या दुसऱ्या गटालाही त्याच वर्षी हेच दिसले. पुढे १९८७ साली जॉन्स्टन यांनी या पिशव्यांना एक्झोसोम हे नाव दिले. आपण त्यांना व त्यांच्यासारख्या इतर पिशव्यांना पुटिका म्हणू.

पुटिका बनते कशी? आधी पेशीच्या आत एक मोठी पिशवी तयार होते. तिची भिंत जागोजागी आत दबते आणि तिथून लहान पिशव्या तुटून तिच्याच पोटात पडतात. आजीच्या बटव्यात लहान लहान पुड्या असतात ना, तसे. मग ही मोठी पिशवी पेशीच्या कडेला येते, तिची भिंत पेशीच्या भिंतीला मिळते, तोंड उघडते आणि आतल्या पुड्या बाहेर सांडतात. आतल्या भिंती दोनदा उलटसुलट झाल्यामुळे पुटिकेची बाहेरची बाजू ही पेशीच्या बाहेरच्या बाजूसारखीच असते. एक कागद घेऊन हे चित्र काढून पाहा. वाचून कळणार नाही, काढून कळेल. काही पुटिका याहून सोप्या रीतीने, पेशीच्या पृष्ठभागाला फुगवटा येऊन तो तुटल्याने सुटतात. त्या आकाराने बहुधा मोठ्या असतात.

आता आकार. पहिल्या प्रकारच्या पुटिकांचा व्यास ३० ते १५० नॅनोमीटर असतो. एक मिलिमीटरचे दहा लाख भाग केले की एक नॅनोमीटर होतो. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर, म्हणजे पुटिकेपेक्षा प्रकाशाची लाटच मोठी. साध्या सूक्ष्मदर्शकाला त्या स्पष्ट दिसाव्यात ही अपेक्षाच करता येत नाही. १०० नॅनोमीटर व्यासाच्या किती पुटिका मिळून एका तांबड्या पेशीएवढे आकारमान होईल? गोलाच्या आकारमानाचे सूत्र तुम्हाला येते. तांबड्या पेशीचे आकारमान ९० घन मायक्रोमीटर धरा. उत्तर येईल दीड लाखाहून अधिक.

प्रथम लोकांना वाटले, हा पेशीचा केरकचरा. १९९६ साली दिसून आले की प्रतिकारशक्तीच्या पेशींनी सोडलेल्या पुटिका इतर पेशींना जंतूंच्या प्रथिनांचे नमुने दाखवू शकतात. २००७ साली त्यांत आरएनएही सापडला. म्हणजे हा केवळ कचरा नाही, पेशी एकमेकींना काही पाठवतही असतात. आणि तो कचरा असला तरी काय बिघडले? कुणाच्या घरात काल काय शिजले हे केराच्या टोपलीवरून चांगले कळते.

भक्षक पेशीच्या पोटातून

आता दोन्ही वाटा मिळतात. क्षयजंतू श्वासाबरोबर फुप्फुसाच्या वायुकोशात पोचला की तिथल्या भक्षक पेशी त्याला गिळतात. गिळलेला जंतू एका पिशवीत असतो. सामान्यतः या पिशवीला पाचकरसांची पिशवी येऊन मिळते आणि जंतूचा निकाल लागतो. क्षयजंतू हे मीलनच रोखून धरतो आणि त्या पिशवीत बिऱ्हाड करतो. तिथे तो प्रथिने स्रवतो, आवरणाचे तुकडे टाकतो. हा माल भक्षक पेशीच्या आतल्या वाहतुकीत मिसळतो, आणि पुटिका तर त्याच वाहतुकीतून बाहेर पडतात!

अमेरिकेतील नोत्र दाम विद्यापीठात जेफ्री शोरी यांच्या प्रयोगशाळेने २००७ साली दाखवले की मायकोबॅक्टेरिया, म्हणजे क्षयजंतू व त्याचे भाऊबंद, यांनी ग्रासलेल्या भक्षक पेशी ज्या पुटिका सोडतात त्यांत जंतूचे घटक असतात, आणि त्या पुटिका इतर पेशींना चेतवतात. २०१० साली याच प्रयोगशाळेने क्षयजंतूची कितीतरी प्रथिने अशा पुटिकांत मोजून दाखवली. २०११ साली आणखी एक गोष्ट पुढे आली. क्षयजंतू स्वतःही आपल्या पृष्ठभागावरून पुटिका सोडतो. मग २०१५ साली एका गटाने असे मत मांडले की ग्रासलेल्या भक्षक पेशींतून बाहेर येणारा जंतूचा मेदयुक्त माल बराचसा या जंतूच्याच पुटिकांतून येतो, पेशीच्या पुटिकांतून नव्हे. आपल्या कामापुरते सांगायचे तर कोणाचीही पिशवी असो, जंतूचा माल पिशवीत बंद होऊन बाहेर पडतो हे खरे. पण पिशवी पकडायची तर तिच्यावर कोणाची खूण आहे हे ठाऊक असावे लागते, म्हणून हा वाद निरर्थक नाही.

पिशवीत बंद असण्याचा फायदा काय? एक तर, रक्तात प्रथिने तोडणारी विकरे असतात. पिशवीच्या आत असलेले प्रथिन त्यांच्यापासून सुरक्षित राहते. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. एक मिलिलिटर रक्तद्रवात सुमारे ७० मिलिग्रॅम प्रथिने असतात आणि त्यांत निम्म्याहून अधिक एकटे अल्ब्युमिन असते. या ढिगात जंतूचे प्रथिन शोधणे म्हणजे धान्याच्या कोठारात एक विशिष्ट तीळ शोधणे. पुटिका वेगळ्या काढता आल्या तर कोठार बाहेर राहते आणि आपल्या हाती फक्त पिशव्या येतात.

२०१४ साली अमेरिकेतील संशोधकांनी हेच केले. संवर्धनाने क्षय सिद्ध झालेल्या रोग्यांच्या रक्तजलातून त्यांनी पुटिका वेगळ्या केल्या आणि त्यांतील प्रथिनांचे ट्रिप्सिन या विकराने तुकडे केले. ट्रिप्सिन हे शिस्तीचे विकर आहे. प्रथिनाच्या साखळीत लायसिन किंवा आर्जिनिन हे अमिनो आम्ल आले की त्याच्या पुढे ते कापते. त्यामुळे कोणत्या प्रथिनापासून कोणते तुकडे पडतील हे आधीच सांगता येते. मग हे तुकडे द्रव्यमान वर्णपटमापक यंत्रात सोडतात. यंत्र प्रथम ठरावीक वस्तुमानाचाच तुकडा पुढे जाऊ देते, त्याला फोडते आणि फुटलेल्या तुकड्यांतूनही ठरावीक वस्तुमानाचेच मोजते. आषाढी वारीच्या गर्दीत माणूस शोधताना आधी दिंडीचा क्रमांक विचारावा, मग त्या दिंडीत गावाचे नाव विचारावे, तसाच हा प्रकार. एकाच खुणेवर विसंबले तर भलताच माणूस हाती लागतो.

त्यांनी जंतूच्या ३३ प्रथिनांचे ७६ तुकडे शोधायचे ठरवले होते. ३३ पैकी २० प्रथिने रोग्यांच्या पुटिकांत सापडली. त्यांतील आठ प्रथिनांचे एकाहून अधिक तुकडे मिळाले, म्हणजे त्यांच्याबद्दल भरवसा अधिक. या आठांतील काहींची ओळख करून घेण्याजोगी आहे, कारण प्रत्येक प्रथिन जंतूच्या संसारातले एखादे काम सांगते.

प्रतिजन ८५ब व ८५क ही प्रथिने जंतूचे मेणासारखे आवरण बांधणारे गवंडी आहेत. ज्या आवरणामुळे काचपट्टीवरचा तांबडा रंग टिकतो, तेच हे आवरण. कॅटजी हे विकर भक्षक पेशीने फेकलेल्या हायड्रोजन पेरॉक्साइडपासून जंतूचा बचाव करते. गंमत अशी की आयसोनियाझिड हे १९५२ पासून वापरात असलेले क्षयावरचे औषध याच विकरामुळे क्रियाशील होते. जंतू ज्या ढालीने स्वतःला वाचवतो, तीच त्याच्यावर उलटते. या विकरात बिघाड झालेल्या जंतूवर ते औषध चालत नाही. एमपीटी६४ प्रथिनाचा उपयोग प्रयोगशाळा आधीपासूनच करत आहेत. संवर्धनात वाढलेला जंतू क्षयाचाच आहे की दुसरा कुणी, हे त्यावरून ओळखतात. बीएफआरबी लोह साठवते. जीएलसीबी हे विकर, जंतू शर्करेऐवजी चरबीवर गुजराण करतो तेव्हा उपयोगी पडते. आणि एचएसपीएक्स हे प्रथिन प्राणवायू कमी पडला, जंतू मंदावला की वाढते.

शेवटची दोन नावे पुन्हा वाचा. जागा जंतू आणि झोपलेला जंतू एकसारखी प्रथिने बनवत नाहीत. तर मग पुटिकेत कोणती प्रथिने आहेत यावरून जंतू कोणत्या अवस्थेत आहे हे कळेल काय? मँटूची गाठ जे सांगू शकत नाही ते इथून कळेल काय? या सगळ्या खटाटोपातील सर्वांत मोलाचा प्रश्न माझ्या मते हा आहे. २०२० साली सुप्त संसर्ग असलेल्या, म्हणजे प्रत्यक्ष आजारी नसलेल्या व्यक्तींच्या पुटिकांतही जंतूच्या प्रथिनांचे तुकडे मिळाले आणि त्यांत ग्लुटामिन सिंथेटेज या विकराचा एक तुकडा विशेष आढळला. झोपलेला जंतूही अगदी मुका नसतो, एवढे यावरून दिसते.

अडचणी लहान नाहीत

इतके वाचल्यावर तुम्ही विचाराल, मग ही चाचणी दवाखान्यात का नाही? याची कारणे नीट समजून घ्या. वर्तमानपत्रातला 'एका थेंबात निदान' हा मथळा आणि रुग्णालयातली चाचणी यांच्यामध्ये ही कारणेच उभी असतात.

पहिली अडचण पुटिका वेगळ्या करण्याची. रूढ पद्धतीत गुरुत्वाकर्षणाच्या लाखपट जोराने रक्तद्रव तासन्‌तास फिरवावा लागतो. असे यंत्र मोठ्या प्रयोगशाळेतच असते. शिवाय रक्तात चरबी वाहून नेणारे कण असतात आणि त्यांतले काही आकाराने पुटिकांएवढेच असतात. नुकतेच जेवलेल्या माणसाच्या रक्तात तर त्यांचा सुळसुळाट असतो. रक्त काढताना बिंबाणू डिवचले गेले तर ते आयत्या वेळी नव्या पुटिका सोडतात. एकाच माणसाचे रक्त दोन प्रयोगशाळांनी दोन रीतींनी हाताळले तर उत्तरे वेगळी येऊ शकतात. त्यातून पुटिकांत बहुसंख्य असतात आपल्याच पेशींच्या. जंतूचा माल असलेल्या फार थोड्या.

द्रव्यमान वर्णपटमापकाची किंमत आणि त्याला लागणारे कुशल मनुष्यबळ हा वेगळाच विषय. तालुक्याच्या गावी ते बसवता येणार नाही. म्हणून दुसरी दिशा अशी की विशिष्ट प्रतिपिंडांच्या गळाने नेमक्या पुटिकाच पकडायच्या. अमेरिकेतील टुलेन विद्यापीठाच्या गटाने २०२२ साली या रीतीने मुलांच्या रक्तातील क्षय ओळखण्याचा प्रयत्न प्रसिद्ध केला. पुटिकांच्या पृष्ठभागावरील दोन खुणा त्यांनी निवडल्या: एलपीआरजी हे जंतूचे मेदयुक्त प्रथिन आणि लॅम हा शर्करा व मेद यांचा संयुक्त पदार्थ. बेडका देऊ न शकणाऱ्या मुलांपासून सुरुवात केली, हे मला विशेष योग्य वाटते.

शेवटची अडचण पुन्हा अंकगणिताची, आणि शिक्षकांनी हे उदाहरण वर्गात जरूर सोडवून घ्यावे. समजा, एका दवाखान्यात खोकल्याचे १,००० रोगी आले आणि त्यांतील २० जणांना खरोखर क्षय आहे. आपली चाचणी क्षयी माणसाला शंभरात ९० वेळा अचूक ओळखते आणि क्षय नसलेल्यालाही शंभरात ९० वेळा अचूक सोडते. उत्तम चाचणी, नाही का? २० पैकी १८ जण सापडले. पण उरलेल्या ९८० जणांतील दहा टक्के, म्हणजे ९८ जण नाहक क्षयी ठरले! चाचणीने बोट दाखवलेल्या ११६ जणांत खरे रोगी १८, म्हणजे सहा-सात जणांत एक. आता तीच चाचणी निरोगी माणसाला शंभरात ९८ वेळा अचूक सोडणारी करा. नाहक ठरणारे उरतील सुमारे २०, आणि बोट दाखवलेल्यांतील जवळजवळ निम्मे खरे रोगी असतील.

म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ साली नव्या चाचण्यांसाठी दोन वेगळी मापे ठरवली. केवळ चाळणी म्हणून वापरायची चाचणी निदान ९० टक्के रोगी पकडणारी हवी. मग निरोगी लोक तिने ७० टक्केच अचूक सोडले तरी चालेल, कारण पुढे दुसरी खात्रीची चाचणी होणारच आहे. जिच्या उत्तरावर थेट औषध सुरू करायचे, तिने मात्र निरोगी माणसाला शंभरात ९८ वेळा अचूक सोडले पाहिजे. सहा महिन्यांची कडक औषधे उगाच कोणाला देता येत नाहीत.

पुटिकांवरचे बरेचसे अभ्यास अजून तुलनेने थोड्या रोग्यांवर झाले आहेत. कित्येक अभ्यासांत एका बाजूला सिद्ध झालेले क्षयरोगी आणि दुसऱ्या बाजूला ठणठणीत माणसे घेतलेली असतात. त्यांच्यातला फरक ओळखणे तितकेसे कठीण नसते. दवाखान्यात तसे नसते. तिथे क्षयी माणसाच्या शेजारी बसलेला असतो तो न्यूमोनियाचा, दम्याचा किंवा फुप्फुसाच्या कर्करोगाचा रोगी, आणि चाचणीला निवड करायची असते ती या सगळ्यांमधून. दुसरे असे की औषध सुरू केल्यावर पुटिकांतील जंतूची प्रथिने किती दिवसांत उतरतात, हे मोठ्या संख्येने रोग्यांवर पाहावे लागेल. ती वेळेवर उतरत असतील, तर औषध लागू पडते आहे की नाही हे महिनाभर थांबून, पुन्हा बेडका मागून ठरवण्याऐवजी बोटभर रक्तातून ठरवता येईल. मणक्याच्या किंवा मेंदूच्या आवरणाच्या क्षयात तर बेडका मागण्याचा प्रश्नच येत नाही. तिथे डॉक्टर आजही रोग्याचे वजन, ताप आणि क्ष-किरण किंवा स्कॅनची चित्रे पाहून अंदाज बांधतात.